'बसंत' शिवारात का रमले नाही?

पिकांवर औषध फवारण्यासाठी भारतानेही एक खास विमान घडवले होते, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या 'एचए-३१ बसंत' या विमानाच्या सुधारित नमुन्याने ३० मार्च १९७२ रोजी पहिले उड्डाण केले. एकच वैमानिक, पुढे ४०० अश्वशक्तीचे इंजिन आणि त्यामागे औषधाची टाकी, अशी त्याची रचना होती. १९७४ मध्ये पहिली विमाने केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या स्वाधीन झाली आणि १९८० मध्ये उत्पादन थांबले, तेव्हा जेमतेम ३९ विमाने तयार झाली होती. हरितक्रांतीच्या ऐन भरात असलेल्या देशासाठी हा आकडा फारच तोकडा. विमानात काही खोट होती असे नव्हे. ज्या शेतावर ते उतरवायचे ठरले, ते शेतच त्याच्या मापाचे नव्हते.

फवारणीच्या विमानाचा जन्म अमेरिकेतला. ३ ऑगस्ट १९२१ रोजी ओहायो राज्यात लेफ्टनंट जॉन मॅकरेडी यांनी लष्करी द्विपंखी विमानातून अळी लागलेल्या कटाल्पाच्या झाडांवर शिशाच्या आर्सेनेटची भुकटी धुरळली. पुढे कापसावरील बोंडकिड्यासाठी हीच युक्ती दक्षिणेकडील राज्यांत रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशिक्षणाची जुनी द्विपंखी विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. ती घेऊन अनेक माजी वैमानिक या धंद्यात उतरले आणि त्यांतील कित्येक विजेच्या तारांना किंवा झाडांना धडकून दगावले. याच अनुभवातून १९५७ मध्ये ग्रुमन कंपनीचे 'अ‍ॅग-कॅट' आकाशात झेपावले. केवळ शेतीसाठी आखलेले हे द्विपंखी विमान न्यूयॉर्क राज्यातील श्वायझर कंपनीने बांधले आणि अडीच हजारांहून अधिक विमाने तयार झाली.

प्रवासी विमानांच्या जगातून द्विपंखी रचना केव्हाच हद्दपार झाली होती. मग शेतीत ती का टिकली? दोन पंखांमुळे कमी वेगातही पुरेशी उचल मिळते, आखूड मातीच्या धावपट्टीवरून भरल्या टाकीनिशी उडता येते आणि शेताच्या टोकाशी चटकन वळता येते. पिकापासून दोन-तीन मीटर उंचीवर उडताना पंखांखाली दाबली जाणारी हवा औषधाचे थेंब पानांपर्यंत नेते. मात्र पंखांच्या टोकांशी भोवरे उठतात. थेंब त्यांत सापडला, तर तो पिकावर न बसता वाऱ्याबरोबर भलतीकडे जातो. म्हणून फवारणीच्या तोट्या पंखांच्या टोकापर्यंत नेत नाहीत आणि फवारणीसाठी पहाटेची शांत हवा पाहतात.

आता हे विमान धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाशी तालुक्यात, फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेरखेड्याच्या शिवारावर आले आहे, अशी कल्पना करावी. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे चौरस शेत धरले तर बाजू सुमारे ११५ मीटर. ताशी १४४ किलोमीटर वेगाने जाणारे विमान हे अंतर तीन सेकंदांत ओलांडते. तेवढ्यात तोट्या उघडायच्या, बंद करायच्या आणि विजेच्या तारा चुकवायच्या. एका बांधाला सोयाबीन, दुसऱ्याला तूर, पलीकडे कोणी रेशीम किड्यांसाठी लावलेली तुती; मध्ये विहिरी, गोठे, वस्त्या आणि फटाक्यांचे कारखाने. सोयाबीनसाठी मारलेले औषध तुतीच्या पाल्यावर पडले, तर शेजाऱ्याची अख्खी बॅच जाते. सलग शेकडो एकरांच्या एकाच पिकासाठी जन्मलेल्या यंत्राने येथे करायचे काय?

सलग लागवड मिळाली तेथे वेगळेच संकट उभे राहिले. केरळमधील कासारगोड जिल्ह्यात प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या काजूबागांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. बागांच्या उतारांवर आणि कडेला माणसे राहत होती. २००० मध्ये ही हवाई फवारणी थांबली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. वास्तविक १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान २४ तास आधी द्यावी, माणसे व जनावरे त्या क्षेत्रापासून दूर ठेवावीत, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

विमान आले नाही म्हणून महाराष्ट्रातला शेतकरी विषापासून दूर राहिला, असेही नाही. औषध पाठीवरच्या पंपातून आले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा बळी गेला. त्यांत मजुरीवर फवारणी करणारेही होते. विमानाचा वैमानिक निदान बंद कक्षात आणि थेंबांच्या पुढे असतो. पंपवाला मात्र स्वतःच उडवलेल्या तुषारांत चालत जातो.

हाच मजूर तुषारांतून बाहेर काढण्याचे आश्वासन ड्रोन देतो. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची १,२६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ड्रोनला धावपट्टी लागत नाही, तो बांधाशी थबकतो, एक-दोन एकरांचे शेतही त्याला पुरते. 'बसंत'ला जे जमले नाही ते त्याला जमते, हे मान्य करावेच लागेल. पण पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, तेथे ड्रोन दहा लिटरच्या आसपास भागवतो. म्हणजे द्रावण कितीतरी दाट आणि थेंब अधिक बारीक. तो वाऱ्यावर शेजारच्या तुतीत गेला, तर होणारे नुकसान विमानाच्या थेंबापेक्षा कमी नसते. २४ तास आधी सूचना देण्याचे बंधन येथेही आहे. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ती द्यायला खर्च काहीच येत नाही. फक्त ड्रोन आणणाऱ्याने आदल्या दिवशी बांधापलीकडे काय लावले आहे, हे पाहून आलेले असावे लागते.