दृष्टी राखण्याची वेळ : सातारा-सांगलीतील नेत्रविकार आणि आधुनिक उपचार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने गेल्या सव्वाशे वर्षांत इतके यश मिळवले आहे की, गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते ही समजूत येथील समाजमनात पक्की रुजली आहे. मोतीबिंदूपुरती ती खरी आहे. परंतु काचबिंदू, मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा विकार, उसाच्या पात्याने बुबुळाला झालेली जखम आणि लहान मुलाचा मंद पडत चाललेला डोळा यांना ती लागू पडत नाही, कारण या विकारांत गेलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही, उरलेली तेवढी राखता येते. कराड, सातारा, सांगली आणि मिरज येथे नेत्रोपचाराची साधने आज उपलब्ध असताना या भागातील नेत्रआरोग्याचा प्रश्न मुख्यतः वेळेचा झाला आहे, आणि प्रत्येक विकाराची वेळ निराळी असल्याने प्रत्येकाचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागतो.

मिरजेची परंपरा आणि मोतीबिंदू

या भागातील आधुनिक वैद्यकाचा आरंभ विल्यम जेम्स वानलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी शल्यचिकित्सकाच्या कार्यातून झाला. ते १८८९ मध्ये सांगलीस आले, १८९२ मध्ये त्यांनी मिरजेत काम सुरू केले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. पुढे १८९७ मध्ये त्यांनी स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देणारी शाळाही काढली. रेल्वेच्या जंक्शनमुळे दक्षिण महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकातील रुग्णही मिरजेच्या या ‘मिशन हॉस्पिटल’मध्ये येऊ लागले, आणि त्यांत मोतीबिंदूने आंधळे झालेल्यांचा भरणा मोठा होता. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८४ मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने ही परंपरा अधिक विस्तारली.

डोळ्यातील पारदर्शक भिंग वयोमानाने गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. हे भिंग टोचून बाजूला सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे, तर ते डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. भिंग काढल्यावर त्याच्या जागी काहीच न बसवल्यामुळे रुग्णाला सुमारे दहा नंबरचा जाड चष्मा लावावा लागे, आणि तो फुटला किंवा हरवला की तो माणूस पुन्हा परावलंबी होई. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये प्रथम कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही दाह होत नाही, हे निरीक्षण त्यामागे होते. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनितरंगांनी भिंगाचा चुरा करून ते बारीक छेदातून शोषून घेण्याची ‘फेको’ पद्धत आणली, आणि मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून कृत्रिम भिंगे देशातच तयार करून त्यांची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आणली.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदूविषयक जो विशेष प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. एके काळी नेत्रशिबिरातील शस्त्रक्रिया शाळेच्या खोल्यांत होत. जंतुसंसर्गाचा धोका लक्षात घेऊन आता गावात केवळ तपासणी केली जाते आणि रुग्णाला सुसज्ज रुग्णालयात आणून शस्त्रक्रिया होते. ‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ हा जुना सल्ला मात्र माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत अजूनही ऐकू येतो. तो जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करून घेणे योग्य ठरते, कारण फार पिकलेले भिंग कठीण होते, क्वचित फुगून किंवा पाझरून डोळ्यातील दाब वाढवते आणि जी शस्त्रक्रिया सोपी झाली असती ती अवघड करून ठेवते.

शेतातील जखम : तासांचा प्रश्न

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वात सुमारे दोनतृतीयांश वाटा मोतीबिंदूचा असला, तरी पन्नाशीच्या आतील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण बुबुळाचा पांढरेपणा, म्हणजे लोकभाषेत ‘फूल पडणे’, हे आहे. सातारा-सांगलीच्या संदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यातील उसाची पाती करवतीसारख्या कडांची असतात. पाटण-जावळीच्या भातखाचरांत, ज्वारीच्या काढणीत आणि मळणीच्या वेळीही काडी, कुसळ किंवा पात डोळ्याला लागण्याचे प्रसंग नेहमी येतात. किर्लोस्करवाडीसारख्या ओतकामाच्या आणि यंत्रकामाच्या केंद्रांत धातूचा कण उडून डोळ्यात रुतण्याचा धोका असतो. डोळ्याच्या पुढील पारदर्शक भागाला, म्हणजेच बोलीतल्या बुबुळाला, शास्त्रीय भाषेत पारपटल म्हणतात. त्यावर ओरखडा उठला आणि वनस्पतीबरोबर बुरशीचे कण आत गेले की जखम चिघळून व्रण होतो, आणि तो भरून आला तरी मागे पांढरा डाग ठेवून जातो.

नेपाळमधील भक्तपूर येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ओरखडा उठल्यापासून अठरा तासांच्या आत जंतुनाशक मलम सुरू केलेल्या रुग्णांत व्रण झाला नाही, असे आढळले. या अभ्यासाचा बोध ऊसतोडणीच्या भागासाठी मोलाचा आहे: जखम किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवली, तर एका साध्या मलमाने डोळा वाचू शकतो. प्रत्यक्षात मात्र पदराच्या टोकाने कण काढणे, मध, एरंडेल किंवा अंगावरचे दूध डोळ्यात घालणे आणि औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणणे यांत चार-पाच दिवस जातात. स्टेरॉइडने लाली व दुखणे कमी झाल्याचा भास होतो, पण बुरशी झपाट्याने आत उतरते. बुरशीजन्य व्रणावर नॅटामायसिनचे थेंब हे आजही पहिले औषध आहे, आणि दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीतही २०१३ मध्ये ते व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरले. तरीही उशिरा आलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग मर्यादितच होतो.

अशा डोळ्यासाठी पुढचा उपाय पारपटलाचे प्रत्यारोपण हा असतो. एदुआर्द त्सिर्म यांनी १९०५ मध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. अलीकडे संपूर्ण पारपटलाऐवजी केवळ बिघडलेला थर बदलण्याच्या पद्धती आल्यामुळे शरीराकडून ते नाकारले जाण्याचा धोका कमी झाला आहे. त्यासाठी लागणारी पारपटले मात्र नेत्रदानातूनच मिळतात. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत ती काढावी लागत असल्याने, प्रतिज्ञापत्र भरण्याइतकेच घरच्यांनी त्या वेळी नेत्रपेढीला कळवणे महत्त्वाचे असते; चष्मा, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया किंवा मधुमेह यांमुळे नेत्रदानाला सहसा बाधा येत नाही.

काचबिंदू : न परतणारी हानी

काचबिंदूत डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट न झाल्याने दाब वाढतो आणि दृष्टीचे संदेश मेंदूकडे नेणारी चेता हळूहळू सुकते. काही रुग्णांत दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही ही हानी होते. आधी कडेची दृष्टी जाते आणि समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते, त्यामुळे वाहन चालवताना बाजूचा माणूस दिसत नाही किंवा पायरी चुकते, अशा घटनांकडे वय झाल्याचे लक्षण म्हणून पाहिले जाते. या विकाराचा दुसरा प्रकार एकाएकी येतो. तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि दिव्याभोवती दिसणारी रंगीत वलये यांवरून पित्त उसळल्याचे समजून दोन दिवस घरगुती उपचार झाले, तर तेवढ्यात दृष्टी कायमची जाऊ शकते.

दाब कमी करणारे थेंब १९७८ पासून टिमोलॉल आणि १९९६ पासून लॅटॅनोप्रॉस्ट या औषधांमुळे अधिक परिणामकारक झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीने काही रुग्णांत थेंबांच्या आधी लेझर वापरणेही योग्य ठरते असे दाखवले. आणि औषधाने भागत नाही तेव्हा द्रवाला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया केली जाते. हे सर्व उपचार राहिलेली दृष्टी टिकवतात, गेलेली देत नाहीत. म्हणून चाळिशीनंतर, आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असल्यास त्याही आधी, डोळ्यातील दाब व चेता तपासून घेणे आवश्यक आहे. चाळिशीचा चष्मा दुकानातून परस्पर घेण्याच्या प्रथेत नेमकी हीच तपासणी निसटते.

मधुमेह आणि दृष्टिपटल

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचे दाखवले. मधुमेहाने दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्याच्या मागील प्रकाशसंवेदी पडद्यातील, सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, काही बंद पडतात आणि त्यांच्या जागी ठिसूळ नव्या वाहिन्या उगवून फुटतात. हे सारे दुखल्याशिवाय घडते आणि नजर स्पष्ट असतानाच बरीच हानी झालेली असते.

लेझरच्या उपचाराने या अवस्थेतील तीव्र दृष्टिहानी निम्म्याहून अधिक टळते, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने १९७६ मध्येच सिद्ध केले. रॉबर्ट माखेमेर यांनी १९७० च्या सुमारास डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढून रक्तस्राव साफ करण्याची शस्त्रक्रिया विकसित केली, आणि या शतकात नव्या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने आली. त्यांतील बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगावरचे औषध तुलनेने स्वस्त असल्याने भारतात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. परंतु इंजेक्शने वारंवार घ्यावी लागतात, आणि दर फेरीला मजुरी बुडवून मिरज किंवा कराड गाठणे कोरडवाहू तालुक्यांतील रुग्णाला जड जाते. दृष्टिपटलाचे छायाचित्र गावाजवळच्या आरोग्य केंद्रात काढून ते संगणकीय बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपासण्याचे तंत्र आता सिद्ध झाले आहे. मधुमेहाच्या औषधासाठी येणाऱ्या प्रत्येकाची अशी तपासणी वर्षातून एकदा झाली, तर दूरच्या रुग्णालयात ज्यांना जाणे खरोखर गरजेचे आहे तेवढेच रुग्ण तेथे पाठवता येतील.

बालकांची दृष्टी

बालपणातील नेत्रविकारांत वेळेची मर्यादा सर्वांत कठोर असते. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या अर्भकात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या अपूर्ण राहतात. भारतात साधारणतः चौतीस आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची जन्मापासून महिन्याभरात तपासणी व्हावी, असे मानले जाते, कारण उपचाराची संधी त्यानंतर काही आठवड्यांतच संपते. तिरळेपणा किंवा एका डोळ्याचा न ओळखलेला नंबर यांमुळे मेंदू त्या डोळ्याचे संदेश घेणे थांबवतो. त्यावर चष्मा आणि चांगला डोळा काही काळ झाकणे हा उपाय साधारण सात-आठ वर्षांपर्यंत उत्तम लागू पडतो. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील तपासणीची सोय आहे. तिरळेपणा ‘शुभ’ मानून किंवा मुलीच्या चष्म्याने लग्नात अडथळा येईल या भीतीने ती वाया जाऊ नये.

सामूहिक प्रयत्न काय साधू शकतात, याची साक्ष देशाच्या अनुभवात आहे. १९७० पासून बालकांना दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्व ‘अ’च्या मात्रांचा, गोवराच्या लसीचा आणि सुधारलेल्या आहाराचा एकत्र परिणाम होऊन त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने बालकांना येणारे अंधत्व पुष्कळ घटले, आणि पिढ्यान्‌पिढ्या डोळे घालवणाऱ्या खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्यप्रश्न म्हणून भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. हे यश शस्त्रक्रियागृहात मिळालेले नाही. ते घरोघरी पोहोचलेल्या परिचारिका, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पाणीपुरवठा यांनी मिळवले आहे.

सातारा-सांगलीत हीच यंत्रणा पुढील कामासाठी उपलब्ध आहे. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्यांनी टोळ्यांना संरक्षक चष्मे आणि आशा सेविकांना ओरखड्यावरील मलमाचे प्रशिक्षण द्यावे, मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णपत्रिकेवर दृष्टिपटलाच्या तपासणीची तारीख असावी, आणि मोतीबिंदूच्या शिबिरात आलेल्या प्रत्येकाचा डोळ्यातील दाबही मोजला जावा. मिरजेने एका विकारावर मात करण्याची वाट दाखवली. आता दोन्ही जिल्ह्यांच्या नेत्रसेवेचे मोजमाप वर्षाकाठी किती शस्त्रक्रिया झाल्या याबरोबरच, नजर जाण्याआधी ही सेवा किती जणांपर्यंत पोहोचली यावरूनही झाले पाहिजे.