दह्याविना कोशिंबीर

दूध न पचणाऱ्यांचे पोट फुगते, जुलाब होतात. अशांना पुष्कळदा थोडे दही सोसते. पण दुधातील प्रथिनांचीच ॲलर्जी असेल तर दही, ताक, तूप सारेच वर्ज्य! मग पानातली कोशिंबीरही बंद करायची का? मुळीच नाही.

दोन चमचे भाजलेले तीळ, पाव वाटी ओले खोबरे, एक हिरवी मिरची, मीठ व थोडे पाणी घालून बारीक वाटावे. त्यात अर्धे लिंबू पिळून काकडी किंवा गाजराच्या किसात कालवावे. फोडणी तेलाचीच द्यावी. तीळ सोसत नसतील तर नुसते खोबरे घ्यावे.

तिळात कॅल्शियम असते. पण तेवढ्याने दुधाची उणीव भरून निघत नाही. म्हणून मुलांचे दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नये.