प्राचीन लेखांतील व्यक्तिनामे : पवनीपासून पैठणपर्यंत

पवनी येथे सापडलेल्या एका दगडी खांबावर ब्राह्मी लिपीतला छोटासा प्राकृत लेख आहे. मृताच्या स्मरणार्थ उभारलेला हा ‘छायाखंब’. ज्याचा तो आहे त्याची ओळख लेखात ‘महाखत्तव कुमार रूपिअंम’ एवढीच येते. महाखत्तव म्हणजे महाक्षत्रप; ही पदवी पश्चिम भारतातल्या शक राजांची. नाव मात्र शकांच्या ज्ञात नावांपैकी कोणत्याही नावाशी जुळत नाही. शेवटचे ‘अंम’ ऐकून कोणाला दक्षिण आठवेल, कोणाला एखादी परकी भाषा. शिवाय ‘कुमार’ ही पदवी आहे की नावाचाच भाग, आणि रूपिअंम स्वतः महाक्षत्रप होता की महाक्षत्रपाचा मुलगा, हेही लेखातल्या समासामुळे दोन्ही बाजूंनी वाचता येते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखाची चर्चा केली. त्याच्या आधारे विदर्भात क्षत्रपांचा अंमल कधी आणि किती होता, हा प्रश्न अभ्यासकांपुढे आला. एका नावावर एवढा भार पडू शकतो.

नागपूर सोडून उमरेडच्या रस्त्याला लागले, की भिवापूरमार्गे वैनगंगेकाठची ही पवनी येते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीखालचा स्तूप उजेडात आला. स्तूपाच्या कठड्याच्या खांबांवर नावे कोरलेली आहेत. त्यांतली काही दात्यांची आहेत. एक नाव ‘मुचरिंद’ नागाचे आहे. ही दात्याची सही नव्हे. बुद्धावर फणा धरणाऱ्या नागाच्या शिल्पाखाली लिहिलेली ती ओळखपट्टी आहे. दगडावर नाव दिसले की ते हाडामांसाच्या माणसाचे असेलच असे नाही, ही या अभ्यासातली पहिली खबरदारी.

नावाचा अर्थ लावताना खरा आधार मिळतो तो त्याच्या आगेमागे असलेल्या शब्दांचा. प्राचीन अथेन्समध्ये नागरिकाचे पूर्ण नाव तीन तुकड्यांचे असे : स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि ज्या ‘डीम’मध्ये, म्हणजे गाव किंवा वस्तीच्या विभागात, घराण्याची नोंद असेल त्याचे नाव. ‘थेमिस्तोक्लीस, नेओक्लीसचा, फ्रेआरीचा’ असे खापराच्या तुकड्यावर ओरखडून अथेन्सचे नागरिक त्याला हद्दपार करण्यासाठी मत देत. अशा १९० तुकड्यांचा एक साठा आक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील विहिरीत सापडला. त्यावरचे अक्षर जेमतेम १४ हातांचे निघाले. म्हणजे नावे वाटण्यासाठी आधीच लिहून ठेवलेली असावीत. नावांइतकाच हस्ताक्षरांचा अभ्यासही किती बोलका असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

महाराष्ट्रातल्या लेण्यांमधील दानलेखांचा साचा याहून सैल, पण माहितीने भरलेला आहे. आधी गाव, मग धंदा, मग बाप किंवा नवरा, मग नाव आणि शेवटी दान काय ते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त आहे, वेणुवासाचा मुलगा सामी नावाचा सुतार आहे आणि वैजयंतीचा शेठ भूतपालही आहे. कुड्याच्या लेण्यात कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक भेटतो. यातला ‘गंधी’ किंवा ‘वढकी’ (सुतार) हा शब्द काढून टाकला तर सिंहदत्त आणि सामी या नावांवरून धंदा ओळखण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. नावावरून जात सांगण्याची सवय आजच्या वाचकाला आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या नावांना ती लावली तर हमखास फसगत होते.

नाशिकच्या चैत्यगृहातला एका बाईचा लेख तर पेचांचे भांडारच आहे. ती राजामात्य अरहलयाची मुलगी, राजामात्य आणि भांडागारिक अगियतणकाची बायको, कपणणकाची आई. एवढी तीन नाती स्वच्छ सांगून झाल्यावर तिचे स्वतःचे नाव काय, यावर मात्र वाद आहे. ‘महाहकुसिरि’ हे तिचेच नाव, की ती त्या नावाच्या पुरुषाची नात आणि तिचे नाव ‘भटपालिका’? नाणेघाटातल्या सातवाहन पुतळ्यांखाली ‘कुमार हकुसिरि’ हे नाव आहे. दोघांना एक मानले की नाशिकच्या लेण्याचा काळ नाणेघाटाशी बांधला जातो. वेगळे मानले की ती गाठ सुटते. एका विभक्तीच्या वाचनावर लेण्याचे वय हलते.

ग्रीकांचा प्रश्न महाराष्ट्रात याच लेखांतून पुढे येतो. कार्ल्याच्या अनेक खांबांवर स्वतःला ‘यवन’ म्हणवणाऱ्यांची दाने नोंदली आहेत. बहुतेक जण धेनुकाकटचे. हे गाव नेमके कुठले, यावर अजून एकमत नाही. त्यांची नावे अशी : सिहधय, धमधय, यसवधन, चुलयख. संस्कृतात ती सिंहध्वज, धर्मध्वज, यशोवर्धन आणि चुल्लयक्ष अशी होतात. एकातही अपोलोचा किंवा डायोनिससचा मागमूस नाही. विल्यम टार्नसारख्या अभ्यासकाला हे ग्रीक नागरिकत्वाचे पुरावे वाटले, तर इतरांना केवळ पश्चिमेकडून आलेल्या व्यापाऱ्यांना दिलेले ढोबळ नाव वाटले. लेखांच्या व्याकरणातही एक गाठ आहे. ‘यवनस’ हे एकवचनी षष्ठीत आणि ‘सिहधयान’ हे अनेकवचनी षष्ठीत. ते व्यक्तीचे नाव आदराने अनेकवचनी केले आहे, की तो यवन ‘सिंहध्वज’ नावाच्या गटातला आहे? दुसरे वाचन घेतले तर ज्याला दात्याचे नाव समजले जाते ते नावच नव्हे, असे होते.

जुन्नरच्या तीन यवन-लेखांनी ही गाठ आणखी घट्ट केली. पाण्याची दोन टाकी देणारा इरिल आणि भोजनमंडप देणारा चिट हे दोघे ‘गतानं’, म्हणजे गतांपैकी, असे म्हटले आहे. तिसरा चंद, त्याने दर्शनी भाग दिला. स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने १९१२ मध्ये ‘गत’ म्हणजे युरोपातले गॉथ, आणि इरिल हे जर्मानिक नाव, असा तर्क मांडला. तर्क मोहक होता, पण काळ्या समुद्राजवळच्या टोळीला सह्याद्रीपर्यंत आणणारा दुसरा कुठलाही दुवा नाही, आणि तो टिकला नाही. पाणिनीने देवदत्ताचे लाडके रूप ‘देविल’ असे होते हे सांगितले आहे. ‘-इल’ शेवट असलेले नाव देशी साच्यात बसू शकते, मग त्यासाठी युरोपपर्यंत जाण्याची घाई कशाला? कोनोंची चूक ध्वनिसाम्याची होती. नावांच्या अभ्यासात हीच चूक सर्वांत जास्त वेळा होते.

नाशिकच्या सतराव्या लेण्यातला लेख मात्र यवनांच्या बाबतीत सर्वांत मोलाचा. लेणे खोदवणारा इंद्राग्निदत्त ‘योणक’ आहे, उत्तरेकडचा आहे, दात्तामित्रीचा रहिवासी आहे. या नगरीचे नाव डेमेट्रियस या ग्रीक राजाशी जोडले जाते. बापाचे नाव धर्मदेव, मुलाचे धर्मरक्षित. म्हणजे ग्रीक राजाच्या नावाची नगरी, ग्रीक म्हणवणारा माणूस, त्याच्या नावात इंद्र आणि अग्नी हे वैदिक देव आणि दान बौद्ध भिक्खूंना. यातली कोणतीही एक गोष्ट पकडून त्याचा वंश किंवा धर्म ठरवला तर उरलेल्या तिन्ही गोष्टी आड येतात. धर्मदेव आणि धर्मरक्षित या नावांत ‘धर्म’ एक पिढी सोडून पुन्हा आला, हेही लक्षात येण्याजोगे. आजोबांचे नाव नातवाला ठेवणे ही ग्रीकांची जुनी रीत होती. पण ती भारतातही होती, त्यामुळे त्यातून ग्रीकपणा सिद्ध होत नाही.

उलट उदाहरण विदिशेचे. बेसनगरच्या गरुडस्तंभावर तक्षशिलेहून आलेला हेलियोदोर, दियाचा म्हणजे दिओनचा मुलगा, आपले ग्रीक नाव जसेच्या तसे ठेवून स्वतःला भागवत म्हणवतो. कंदहारला तर पद्यमय ग्रीक शिलालेखाचा कर्ता सोफीतोस, नारातोसचा मुलगा आहे. त्याची भाषा अस्सल ग्रीक, पण नावे सुभूती आणि नारद या भारतीय नावांवरून आली असावीत असे मानले जाते. नाव, भाषा आणि श्रद्धा या तीन गोष्टी एका माणसात वेगवेगळ्या दिशांनी जाऊ शकतात, हे या तीन लेखांइतके दुसरे कुणी स्पष्ट दाखवत नाही.

लिपी बदलली की नावाचे काय होते, हा वेगळाच विषय आहे. टॉलेमीच्या भूगोलात उज्जैनच्या राजाचे नाव ‘तियास्तानेस’ येते, ते शक क्षत्रप चष्टनाचे. पैठणच्या राजाला तो ‘सिरोप्टोलेमायोस’ म्हणतो. हा कोणी ग्रीक राजा पैठणच्या गादीवर बसलेला नव्हता. श्री पुळुमावीचे नाव ऐकून ग्रीक कानाला आपल्याकडचे टॉलेमायोस आठवले, एवढेच. हिप्पोकुराचा ‘बालेओकुरोस’ तसाच कोल्हापूरच्या नाण्यांवरील विळिवायकुर असावा. ब्राह्मीलाही अडचणी होत्याच. चष्टनाच्या बापाचे नाव लेखांत ‘य्समोतिक’ असे विचित्र जोडाक्षराने लिहिलेले आढळते. हाइनरिख ल्यूडर्सने दाखवले की ‘य्स’ हे शकांच्या ‘झ’ या ध्वनीसाठी मुद्दाम घडवलेले चिन्ह आहे.

या बाबतीत नाण्यांइतका विश्वासू साक्षीदार नाही, कारण एकाच नावाची दोन-तीन लिप्यांतली रूपे एका तुकड्यावर मिळतात. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरांतही लेख आहे. लिपी ग्रीक, भाषा मात्र प्राकृत. महाराष्ट्राच्या मातीत मिळालेली ही ग्रीक अक्षरे कोणा ग्रीकाची नव्हेत, एका क्षहरात क्षत्रपाची आहेत. त्यातली नऊ हजारांहून अधिक नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापली. त्यामुळे जिंकणारा आणि हरणारा, दोघांची नावे एकाच चांदीवर वाचता येतात. नहपान हे इराणी नाव. त्याची मुलगी दक्षमित्रा, जावई दिनीकाचा मुलगा उषवदात म्हणजे ऋषभदत्त. एका पिढीत नावे बदलली, राजसत्ता तीच राहिली.

सातवाहनांच्या मातृनामांविषयी बरेच गैरसमज आहेत. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, माढरीपुत्र यांतली नावे ही आईची व्यक्तिनामे नाहीत. ती तिच्या माहेरच्या गोत्रावरून आलेली आहेत. एका राजाच्या अनेक राण्यांच्या मुलांमध्ये फरक करायला ती सोयीची होती. नाशिकच्या लेखात गौतमी बलश्री या राजमातेचे गोत्रनाम आणि व्यक्तिनाम दोन्ही येतात, म्हणून हा भेद स्पष्ट होतो. यावरून मातृसत्ता होती असे काढणे मात्र चुकीचे, कारण गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. रीतही सातवाहनांपुरती नव्हती. बेसनगरच्या लेखातला राजा भागभद्रही मातृनामाने ओळखला जातो.

‘सातकर्णी’ या नावाचा उगम शोधताना जाँ प्रझिलुस्की यांनी मुंडा भाषेतल्या ‘घोडा’ आणि ‘मुलगा’ या शब्दांपर्यंत मजल मारली. व्युत्पत्ती लागली तरी ते राजे मुंडा ठरत नाहीत. तऱ्हाळ्याच्या साठ्याने असाच मोह वाढवला. आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या या गावी १९३९ मध्ये सुमारे १,६०० सातवाहन नाणी मिळाली आणि मिराशींनी त्यांवर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांना ठाऊक नसलेली नावे वाचली. कान्हेरीच्या लेखात एका सातकर्णीची राणी कार्दमक या शक वंशातली, महाक्षत्रपाची मुलगी असल्याचे म्हटले आहे. मग शक सातकर्णी हा शक आईचा मुलगा का? तसे असूही शकेल. पण नाण्यावरच्या एका शब्दापलीकडे त्याला आधार नाही, आणि तेवढ्यावर वंशावळ उभी करू नये.

वाकाटकांच्या काळात ताम्रपट आले आणि नावांचा पुरावा एकदम दाट झाला. प्रभावतीगुप्ता ही नंदिवर्धनच्या वाकाटकांची राणी आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. लग्नानंतरही तिने ‘गुप्त’ हा माहेरचा शेवट सोडला नाही. पुणे ताम्रपटात तर ती स्वतःला बापाच्या धारण गोत्राची म्हणवते, तिच्या नवऱ्याचे घराणे विष्णुवृद्ध गोत्राचे असूनही. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. तिथल्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा निघाली. ताम्रपटावरचे नाव नक्कल करून नंतरही लिहिता येते; ही मुद्रा मात्र तिच्या दरबारातली, खोदकामाच्या थरातून वर आलेली.

दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातला. त्यात एक हजार ब्राह्मणांना गाव दिल्याचे म्हटले आहे, पण नावे ४९ जणांचीच दिली आहेत. गणार्य, देवार्य, रुद्रार्य, नागशर्मा, गोंडशर्मा अशी ती यादी आहे. ‘आर्य’ आणि ‘शर्मा’ हे शेवट ब्राह्मणपणाची खूण म्हणून इथे ठरलेले दिसतात. लेण्यांतल्या लेखांच्या काळी नावाला अशी ठाम खूण नव्हती. दोन-तीन शतकांत घडलेला हा बदल राजांच्या कथांपेक्षा समाजाविषयी जास्त सांगतो. गोंडशर्मा हे नाव वाचून लगेच गोंड समाजाशी नाते जोडण्याचा मोह मात्र आवरायला हवा.

ग्रीक जगासाठी ऑक्सफर्डमध्ये पीटर फ्रेझर यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये व्यक्तिनामांचा कोश हाती घेतला गेला आणि १९८७ पासून त्याचे खंड प्रदेशानुसार निघत आहेत. एखादे नाव कोणत्या बेटावर, कोणत्या शतकात किती वेळा आले, हे त्यात पाहता येते. ध्वनिसाम्याच्या तर्कांना लगाम घालायला याहून चांगले साधन नाही. ब्राह्मी लेखांसाठी ल्यूडर्सची १९१२ ची यादी आहे. पवनीच्या उत्खननातून, तऱ्हाळ्याच्या नाण्यांतून आणि नगरधनच्या थरांतून आलेली नावे तिच्यानंतरची. मराठी मुलखातल्या लेखांतली, नाण्यांवरची आणि मुद्रांवरची सगळी नावे गाव, काळ आणि नात्यासह एका कोशात आणणे हे विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी आता हाती घ्यावे असे काम आहे.