फोटो, मोर्चा आणि खटल्यातले मूल

वस्तीतल्या एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी येते आणि तासाभरात व्हॉट्सअॅपच्या गटांवर तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो फिरू लागतो. हेतू चांगला असतो. पोलिसांनी टाळाटाळ करू नये, प्रकरण दडपले जाऊ नये, एवढीच धडपड असते. दुसऱ्या दिवशी निवेदन, तिसऱ्या दिवशी मोर्चा, चौकात फ्लेक्स. ज्या समाजाला साधा गुन्हा नोंदवून घ्यायलाही पोलीस ठाण्यासमोर ठिय्या द्यावा लागतो, त्याची ही घाई कुठून येते हे आम्हाला पुरते ठाऊक आहे. पण मोर्चा संपतो, फ्लेक्स उतरतो, आणि ती मुलगी मात्र पुढची कित्येक वर्षे त्याच गल्लीत, त्याच शाळेत 'ती हीच का' या नजरेखाली वावरते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम २३ नुसार पीडित बालकाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर यांपैकी ओळख पटेल असे काहीही माध्यमांतून जाहीर करता येत नाही. परवानगी देण्याचा अधिकार फक्त विशेष न्यायालयाला, तोही बालकाच्या हितासाठी. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ मध्ये हीच मनाई आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की पीडिता मरण पावली असली तरी केवळ नातेवाईक 'हो' म्हणाले म्हणून तिचे नाव उघड करता येणार नाही. म्हणजे नाव टाळून 'अमुक नगरातील, अमुक शाळेतील आठवीतील विद्यार्थिनी' असे लिहिले तरी ओळख जाहीर झालीच. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सलाही हेच लागू. आंदोलन करायला कोणाचीच मनाई नाही. मागणी लिहा, कलमे लिहा, पोलीस ठाण्याचे नाव लिहा; मुलीचे लिहू नका.

हा सगळा विचार ज्या एका शब्दप्रयोगाभोवती फिरतो तो म्हणजे 'बालकाचे सर्वोत्तम हित'. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातून तो आला, भारताने १९९२ मध्ये तो करार मान्य केला, आणि २०१५ च्या कायद्यात त्याची व्याख्या झाली. मुलाबद्दलच्या कोणत्याही निर्णयाचा पाया म्हणजे त्याचे मूलभूत हक्क व गरजा, त्याची ओळख, सामाजिक स्वास्थ्य आणि शारीरिक, भावनिक, बौद्धिक विकास. यात आरोपीला किती शिक्षा होते याचा उल्लेख नाही. शिक्षा महत्त्वाची आहेच. पण 'आरोपी दोषी आहे का' हा एक प्रश्न, आणि 'हे मूल आज रात्री कुठे झोपेल, सोमवारी शाळेत कसे जाईल' हा दुसरा. आपले बहुतेक कार्यकर्ते पहिल्या प्रश्नावर तुटून पडतात आणि दुसरा सरकारी टेबलावर सोडून देतात.

दुसऱ्या प्रश्नाचे टेबल म्हणजे बालकल्याण समिती. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यात किमान एक महिला. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, त्यामुळे तिला एखादे समुपदेशन केंद्र समजणे चुकीचे. पॉक्सोचा गुन्हा कळला की पोलिसांनी २४ तासांच्या आत समितीला कळवायचे असते. आरोपी त्याच घरात राहणारा असेल किंवा मुलाला घराचा, आई-वडिलांचा आधारच नसेल, तर मुलाला समितीपुढे हजर करायचे असते, आणि त्याला घरातून हलवायचे की नाही हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे असते. ठरवताना मुलाचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे.

इथेच गरिबांची मुले अडकतात. आरोपी काका किंवा सावत्र बाप असतो, घर दहा बाय बाराचे, आई धुणीभांडी करते. सुरक्षितता नाही म्हणून मुलगी बालगृहात जाते आणि आरोपी जामिनावर सुटून त्याच घरात परततो. मग शिक्षा कोणाला झाली? तिची शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, आणि तिला वाटू लागते की आपण बोललो म्हणून आपल्याला इथे ठेवले. कायद्याच्या कलम ३ मध्ये संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय सांगितला आहे. आधी मावशी, आजी, मामा, असे कोणी विश्वासाचे घर आहे का हे पाहायला हवे. समितीचा निर्णय बऱ्याचदा सामाजिक तपासणी अहवालावर ठरतो आणि तो १५ दिवसांत व्हायचा असतो. अहवाल करायला येणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याला किंवा समाजसेवकाला घर दिसते ते पत्र्याचे. आजीची माया, शेजारणीचे लक्ष, मुलीची शाळेतली हजेरी हे कोणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. ते सांगणारा माणूस वस्तीतलाच असला पाहिजे. आणि अडचण फक्त पैशांची असेल तर मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून महिन्याला ४,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे, राज्याची बालसंगोपन योजना आहे. गरिबी हे मूल घरातून काढण्याचे कारण होऊ शकत नाही, हे समितीपुढे ठामपणे मांडायला वकीलच लागतो असे नाही.

आता कोर्टाकडे येऊ. पॉक्सोत मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. एफआयआर झाला नसला तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते, आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. खटला बंद दालनात चालतो. आरोपी मुलासमोर येऊ नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय करायची. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचाच नाही. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचा आणि न्यायाधीशांनी तो मुलाला विचारायचा. मुलाला वरचेवर साक्षीला बोलवायचे नाही, चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न चालवून घ्यायचे नाहीत.

कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात व्हरांड्यात एकाच बाकाच्या एका टोकाला मुलगी आणि दुसऱ्या टोकाला आरोपीचे नातेवाईक, हे दृश्य आम्ही पाहत असतो. स्मृती बडदे विरुद्ध महाराष्ट्र शासन या आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभी करण्याच्या कामाला गती दिली. तुमच्या जिल्हा न्यायालयात असे केंद्र आहे का, असेल तर त्याचे कुलूप कधी उघडते, हे विचारणारे एक निवेदन दहा फ्लेक्सपेक्षा कामाचे ठरेल.

मुलासोबत उभे राहायला कायद्याने 'आधारव्यक्ती' दिली आहे. मूल आणि पालकांच्या संमतीने बालकल्याण समिती ती नेमते. तपासात, दवाखान्यात, कोर्टात ती सोबत असते, तारीख काय झाली ते मुलाला समजेल अशा भाषेत सांगते, आणि ऐकलेले कोणाला सांगत नाही. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या आपल्या तरुण-तरुणींनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आधारव्यक्ती म्हणून नाव देण्याचा विचार जरूर करावा. हे काम भाषणासारखे दिसत नाही, टाळ्या मिळत नाहीत.

बौद्ध कुटुंबांसाठी एक जादा मुद्दा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्मांतरित अनुसूचित जातीत येतात. म्हणून मुलगी आपल्या समाजातली आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर पॉक्सोसोबत अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लागायला हवीत, आणि तपास किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जायला हवा. जातीचा दाखला आणि मुलीच्या वयाचा शाळेचा पुरावा पहिल्याच आठवड्यात गोळा करून ठेवा. बचाव पक्ष पहिला घाव वयावर घालतो. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ नुसार पीडित व साक्षीदारांना तपास आणि खटल्याच्या काळात प्रवास व निर्वाहखर्च मिळण्याचा हक्क आहे. रोजंदारी बुडते म्हणून आई तारखेला जात नाही, मग कोणीतरी 'मिटवून टाका' म्हणत येतो, आणि साक्ष फिरते. या साखळीची पहिली कडी दोनशे-तीनशे रुपयांची असते. नुकसानभरपाईसाठी मनोधैर्य योजनेचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चालते. निकालापर्यंत थांबायची गरज नसते.

या कायद्याची दुसरी बाजूही आपल्या मुलांनी भोगली आहे. सतरा वर्षांची मुलगी वेगळ्या जातीच्या मुलासोबत निघून जाते, तिचे घरचे पॉक्सो लावतात, मुलगा तुरुंगात आणि घरी परत जायला नकार देणारी मुलगी बालगृहात. आरोपी दलित मुलगा असला की वस्ती त्याच्या सुटकेसाठी धावते, आणि मुलीला काय हवे हे विचारायचे पुन्हा राहून जाते. सर्वोच्च न्यायालयापुढे पश्चिम बंगालमधले असे एक प्रकरण आले होते, त्यातली मुलगी तर चौदाच वर्षांची होती. न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये आरोपीचा दोष कायम केला, पण तज्ज्ञांची समिती नेमून मुलीला काय वाटते ते समजून घ्यायला सांगितले. समितीला आढळले की तिला घटनेपेक्षा नंतरचे पोलीस, कोर्ट, घरच्यांनी झिडकारणे आणि आरोपीला सोडवण्यासाठी एकटीने केलेली धावपळ यांनी जास्त मोडले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून आरोपीला शिक्षा सुनावली नाही आणि राज्याला तिच्या शिक्षणाची, निवाऱ्याची जबाबदारी घ्यायला सांगितले. त्या माणसाचे वागणे त्यामुळे बरोबर ठरले असे आम्ही मानत नाही. पण तोवर तिला कोणी नीट विचारलेच नव्हते, हे ध्यानात घ्यायला हवे.

बालकल्याण समितीचा आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येते. त्यासाठी आदेशाची प्रत हातात लागते, आणि ती पालकांनी मागायची असते. मूल संकटात दिसले तर चाइल्डलाइन १०९८ वर फोन करा. फोटो काढू नका.