ईदचे पार्सल ईदपूर्वीच पोहोचावे

“ईद झाल्यावर आलेला ईदचा शरारा मुलीला कधी घालू?” २०२५ च्या ईदनंतर नांदेडच्या एका ताईंनी फोनवर विचारले आणि आम्हा नणंद-भावजयींना उत्तर सुचेना. पार्सल ईदच्या तिसऱ्या दिवशी पोहोचले होते. पैसे परत केले, पण त्या मुलीची ईद कशी परत करणार?

ताथवड्यात आम्ही घरीच मुलींचे कपडे आणि नमाजचे दुपट्टे शिवतो. ऑर्डर फोनवर येतात, माल कुरियरने किंवा पोस्टाने जातो. एरवी दिवसाला चार-पाच पार्सले असतात. रमजानचा पहिला अशरा सरला की हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही.

त्या फोननंतर कुरियरवाल्याला दोष देऊन मोकळे होता आले असते. पण वही उघडली तेव्हा चूक आमचीच दिसली. “भाभी, एवढी एक घेऊ या,” असे म्हणत २७ मार्चपर्यंत आम्ही ऑर्डर घेतल्या होत्या. त्या वर्षी ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा आणि ३१ मार्चला सोमवारी ईद होती. शेवटचे दोन्ही दिवस सुट्टीचे, त्यात पाडव्याच्या मालाची गर्दी. पार्सल वेळेत पोहोचणार तरी कसे?

आता आम्ही ईदपासून उलटे मोजतो. चाँद २९ व्या रोज्यालाच दिसेल असे धरायचे, तिसाव्याच्या भरवशावर राहायचे नाही. रविवार आणि सुट्ट्या वगळायच्या. मराठवाडा, विदर्भ, कोकणातल्या गावांसाठी आठ दिवस आणि पुणे-मुंबईसाठी चार दिवस हाताशी ठेवायचे. जुन्या वहीतली तारीख इथे चालत नाही. २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला होती, पुढच्या वर्षी ती अकरा दिवस अलीकडे आली. म्हणून कापड शबान लागण्याआधीच आणून ठेवतो.

पत्ता घेताना पिनकोड दोनदा विचारतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. त्यातले शेवटचे तीन अंक वाटपाचे टपाल कार्यालय सांगतात. त्यातला एक अंक चुकला की पार्सल भलत्याच गावी फिरून येते.

खोकीही सोडली. पार्सलची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल, तर भाडे त्याच्यावर लागते. ३० × २५ × २० चे खोके म्हणजे तीन किलो, आत कपडा एकच किलो का असेना! आता कपडे सपाट घडी करून पिशवीत घालतो.

पार्सल मिळाल्यावर पैसे देणाऱ्यांकडून थोडी रक्कम आधी घेतो. कारण नाकारलेला माल ईदनंतर परत येतो, तेव्हा त्याला गिऱ्हाईक नसते.

गाडी बोलावण्याची वेळही बदलली. संध्याकाळी भूमकर चौकातल्या कोंडीत गाडी अडकते आणि नेमकी इफ्तारच्या वेळी दारात येते. मग घाईत एकाचे लेबल दुसऱ्याच्या पिशवीवर चिकटते. आता जोहरच्या नमाजनंतर बांधणी संपवतो. एक जण नाव वाचते, दुसरी पिशवीतला माल तपासते. चार वाजता गाडी निघते.

पुढच्या रमजानमध्ये बाहेरगावच्या ऑर्डर विसाव्या रोज्यालाच थांबवल्या. त्यानंतरही फोन येत राहिले. शिलाई मशीनचा हप्ता डोळ्यांसमोर होता, तरी प्रत्येकाला सांगितले, “ईदपूर्वी पोहोचणार नाही, जवळच्या बाजारातून घ्या.” त्या महिन्यात कमाई घटली, पण ईदनंतर तक्रारीचा एकही फोन आला नाही.

नांदेडच्या ताईंनी मात्र पुन्हा ऑर्डर दिली नाही. ती सल मनात आहे. भगिनींनो, तुम्हीही घरून असा धंदा करत असाल, तर ऑर्डर घेण्याआधी कॅलेंडर पाहा. गिऱ्हाइकाचे पैसे आपल्याकडे अमानत असतात, तशीच त्याला दिलेली तारीखही.