जुलाबात खोका नको, जलसंजीवनी द्या

मायबहिणींनो, परवा वस्तीतली एक सून जुलाब लागलेल्या लेकराला घेऊन आली. पोराचे डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. "ताई, दुकानातून दोन खोके आणून पाजले, तरी थांबेना." खोक्यात होतं फळाच्या चवीचं गोड पेय.

अशा पेयात साखर जास्त, क्षार कमी. जादा साखर आतड्यात पाणी ओढते, जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' छापायला ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली.

खरी जलसंजीवनी आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी नातेवाइकांच्या हातून पाजलं आणि हजारो जीव वाचले.

पाकीट नसेल तर घरी करा: उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, साखर सपाट ६ छोटे चमचे, मीठ सपाट अर्धा छोटा चमचा. मीठ अजिबात वाढवू नका. दर जुलाबानंतर घोटघोट पाजा, २४ तासांनी उरलेलं फेका. अंगावरचं दूध चालू ठेवा. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी १४ दिवस द्या.

लेकरू सुस्त पडलं, पाणी पिईना, लघवी होईना किंवा शौचातून रक्त गेलं, तर लगेच दवाखाना गाठा.

खोक्याच्या वाचलेल्या पैशांत केळी आणि डाळ आणा. दुखण्यातून उठलेल्या लेकराला तेच लागतं.