शुक्रवार दुपारचे नाथ पै

खासदाराने संसदेत काय केले, असे विचारले की हल्ली आकडे पुढे केले जातात. हजेरी इतकी, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतक्या वेळा. जयपूरच्या प्रताप नगरातल्या मतदारालाही आपल्या खासदाराचे हे प्रगतिपुस्तक मोबाइलवर मिनिटभरात सापडते. त्यावर विसंबणे मात्र धोक्याचे. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत. त्यांचा रकाना कोराच राहतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत तोंडी उत्तराचे तारांकित प्रश्न 20 असतात, तर लेखी उत्तराचे अतारांकित 230. प्रश्नांची संख्या फुगते ती मुख्यतः या लेखी प्रश्नांनी.

खासदार खरा कळतो तो कार्यवृत्तात. सभागृहात बसलेले प्रतिवेदक आळीपाळीने शब्द न् शब्द टिपून घेतात. मध्येच गलका झाला तर कंसात ‘व्यत्यय’ असे छापले जाते. अध्यक्षांनी काढून टाकलेल्या शब्दांच्या जागी तारका उमटतात.

या पानांत राजापूरचे खासदार नाथ पै भेटतात. वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ पै 1957, 1962 आणि 1967 मध्ये निवडून आले. प्रजासमाजवादी पक्षाचे, म्हणजे कायम विरोधी बाकांवर.

27 फेब्रुवारी 1967 रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी निकाल दिला, की मूलभूत हक्कांना कात्री लावण्याचा अधिकार संसदेला नाही. लोकांनी निवडलेल्या संसदेचे हात असे बांधले जाऊ नयेत, असे नाथ पैंना वाटत होते. त्याच वर्षी त्यांनी घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले. मंत्री नसलेल्या सदस्यांच्या अशा विधेयकांना वेळ मिळतो तो शुक्रवारी, दिवसाच्या शेवटच्या अडीच तासांत. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, पुन्हा सभागृहात आले. बहुमताच्या हाती हक्क सोपवायचे का, हा विधेयकाच्या विरोधकांचा सवाल रास्तच होता, आणि त्यावरचा वाद आजही वाचण्याजोगा आहे.

डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावात नाथ पैंचे निधन झाले. वय अवघे 48.

आकड्यांच्या हिशेबात हे विधेयक नापास. पण 1971 मध्येच सरकारने 24वी घटनादुरुस्ती आणली, ती नाथ पैंनी मांडलेल्या मुद्द्यावरच. 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती वैध ठरवली. घटनेच्या मूलभूत चौकटीला मात्र धक्का लावता येणार नाही, असे बजावले. दोन्ही बाजूंना आपापले उत्तर मिळाले.

पहिल्या लोकसभेपासूनची कार्यवृत्ते संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य खुली आहेत. मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग असो की जयपूर, पुढच्या मतदानाआधी आपल्या खासदाराचे किमान एक भाषण तिथे पूर्ण वाचा.